मध्ये यू, शेवटी एच

पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, मध्ये यू, शेवटी एच. असे शब्द जगात किती असतील? धाकटीच्या साहेबांच्या मते पन्नास. यादी कुठलीही असो, साहेबांना ती पन्नासाचीच लागे. सकाळी उठून तोंडही न धुता फोनवर शब्दकोडं सोडवत बसणारी माणसं अडली की साहेबांच्या पानावर येत, यादीवरून अंगठा सरकवत खाली जात, आणि अंगठा जितका खाली जाईल तितक्या जास्त जाहिराती त्यांच्या डोळ्यांसमोरून जात. एवढ्यासाठी एका बिनखिडकीच्या गाळ्यात नऊ माणसं दिवसभर शब्दांच्या याद्या करत बसत. ओला गालिचा, कालचे डबे आणि अठरा पायमोजे यांचा मिळून एक वास त्या गाळ्यात कायमचा मुक्कामाला होता. धाकटी दारातून आत शिरताना रोज श्वास रोखून धरायची, पण आठ तास कोण श्वास रोखून धरणार?

यू-एचवाले खरे शब्द तिशीच्या आसपास संपत. माउथ झाला, साउथ झाला, कफ, रफ, ब्रश, क्रश, टच, पाउच झाले. पुढचे एकोणीस-वीस तिने स्वतःच पाडायचे. एन-ओ-यू-टी-एच. डी-आर-यू-एस-एच. व्ही-ओ-यू-जी-एच. दिसायला अगदी घरंदाज, कुठल्याही जाड पुस्तकातून उठून आल्यासारखे. इतके हुबेहूब खोटे शब्द गाळ्यात दुसऱ्या कोणाला जमत नसत. साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहायचे, “तुमच्या हातात कला आहे हो,” म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडाचा वास मानेवर आला की ती खुर्ची पुढे ओढून घ्यायची. किळस साहेबांची जेवढी, तेवढीच स्वतःची. ही कला कुठून आली ते तिला चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती घरी कोणाला सांगितली नव्हती. ऑफिसात काय करतेस असं आत्याने विचारलं तेव्हा तिने ‘याद्या तपासते’ म्हणून वेळ मारून नेली होती.

तिचे बाबा प्रूफरीडर होते. एका इंग्रजी शब्दकोशाची प्रूफं त्यांनी चौतीस वर्षं तपासली. एक आवृत्ती हातावेगळी झाली की दुसरी सुरू. शाळेत असताना धाकटी त्यांच्यासमोर स्टुलावर बसून मूळ प्रत एकेक अक्षर मोठ्याने वाचायची आणि बाबा छापलेल्या कागदावर लाल पेन्सिल धरून बसायचे. अक्षर बरोबर असलं की गप्प. चुकीचं दिसलं की नाक मुरडून म्हणायचे, “शी.” आणि पेन्सिलीची खूण. दिवसभरात एवढाच संवाद. एकदा तिने विचारलं होतं, की बाबा, बरोबर आलं तर तुम्ही काहीच का नाही म्हणत?

“बरोबरला काय म्हणायचं असतं?” बाबा म्हणाले होते. “बरोबर ते बरोबर.”

अशा माणसाच्या हातून एकदा चूक सुटली होती. बांधणी होऊन आलेल्या कोशात कुठल्यातरी शब्दाचं एक अक्षर गळालं होतं आणि ते बाबांना छापून झाल्यावर दिसलं. दोन दिवस ते धड जेवले नव्हते. कुठला शब्द ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. तो कोश मात्र घरी आणला, आणि तेव्हापासून तो पलंगाच्या उशाशी असलेल्या फळीवर होता.

पाच महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे सगळीच गेली असती तरी एक वेळ बरं होतं, असं आत्या म्हणे. कारण एक शब्द मागे राहिला होता, आणि तो होता ‘शी’.

आता मराठी घरात पलंगावर पडलेला म्हातारा माणूस ‘शी’ म्हणाला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? जो कोणीही घेईल तोच सगळ्यांनी घेतला. बाबांनी ‘शी’ म्हणायचं आणि आत्याने, म्हणजे त्यांच्याच धाकट्या बहिणीने, हातातलं टाकून भांडं घेऊन धावायचं. चादर वर करायची, भांडं सरकवायचं, वाट बघायची. बहुतेक वेळा भांडं कोरडंच परत जायचं. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. बातम्या लावल्या की शी, आत्याने भरवायला घेतलं की शी. मिक्सरमधून काढलेलं ते करड्या रंगाचं जेवण बघून कोणीही तेच म्हणालं असतं, पण आत्या वाटी ठेवून भांड्याकडे पळायची. “ह्याचं पोट आहे की पाण्याचा नळ,” असं कुरकुरत ती त्यांना कुशीवर वळवायची, आणि बाबा डोळे मिटून घ्यायचे.

खोलीला वास होता. औषधाचा, ओल्या चादरीचा, आणि फिनेलखाली दबलेला तो तिसरा. दादा, म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ, रविवारी यायचा तो दारापाशीच उभा राहायचा. नाकावर रुमाल, हातात ओल्या टिश्यूचं पाकीट. दरवाजाची मूठ पुसायचा, मग हात पुसायचा, मग ज्या टिश्यूने पुसलं तो कुठे टाकायचा म्हणून घरभर बघायचा. दाराशी उभं राहूनच तो बाबांबद्दल बोलायचा, फर्निचरबद्दल बोलावं तसं. संस्थेत अशा लोकांची चांगली सोय असते. त्यांना काही कळत नाही, मग इथे काय आणि तिथे काय. धाकटीला त्याची चीड यायची, पण मनातल्या मनात तीही थकली होती. ऑफिसातून एक वास अंगावर घेऊन यायचं आणि घरी दुसऱ्यात शिरायचं. तीन आठवड्यांपूर्वी आत्याबरोबर चादर बदलताना तिचा हात नको तिथे भरला आणि ती बोलून गेली होती, “त्याच दिवशी गेले असते तर सुटलो असतो सगळे.” पलंगावर वाकून, बाबांच्या छातीवरून, आत्याला. बाबा छताकडे बघत होते. ते म्हणाले, “शी.” आत्या भांडं घेऊन आली.

शेवटी बहीणभावांचं ठरलं, की वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना बोलवायचं. आत्या त्यांना वाचाबाई म्हणे. त्या म्हणाल्या समज शिल्लक आहे, तर बाबा घरीच राहतील आणि दादा त्यांच्यासाठी दिवसाची बाई ठेवेल. त्या म्हणाल्या नाही, तर सोमवारी संस्थेची गाडी येईल. संस्थेत दोन मजले होते. समज असलेल्यांशी खालच्या मजल्यावर बोलायला माणसं यायची. वरच्या मजल्यावर नुसते पलंग.

वाचाबाई बुधवारी आल्या. हसतमुख बाई, कामाला चोख. त्यांनी चित्रांचे पत्ते काढले. चेंडू, मांजर, कप. प्रत्येक पत्त्यावर गुबगुबीत रंगीत चित्र, लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखं. “आजोबा, म्याऊ कुठे आहे? म्याऊ दाखवा बरं.” बाबांचा डावा हात चांगला होता, पण त्यांनी तो उचललाच नाही. चित्राकडे बघून म्हणाले, “शी.” चेंडूला शी. कपाला शी. आत्या तीनदा भांडं घेऊन आत-बाहेर झाली. वाचाबाईंनी हात टेकले आणि कागदावर लिहिलं, ‘आकलन: आढळत नाही’. दादाने त्या कागदाचा फोटो काढला आणि कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

गुरुवारी संध्याकाळी आत्या औषधं आणायला गेली होती. धाकटी बाबांच्या पलंगाशेजारी लॅपटॉप घेऊन बसली. यू-एचवाली यादी शुक्रवारी सकाळी द्यायची होती. अक्षरं मोजताना मोठ्याने वाचायची तिची जुनी सवय होती, स्टुलावर लागलेली. सोमवारी गाडी येणार हे डोक्यात भणभणत होतं, आणि ती यंत्रासारखी वाचत होती. टी-ओ-यू-सी-एच. बी-आर-यू-एस-एच. एन-ओ-यू-टी-एच.

“शी,” बाबा म्हणाले.

तिने कपाळाला हात लावला, लॅपटॉप बाजूला ठेवला, भांडं आणलं, बाबांना वळवलं, थांबली, भांडं कोरडं परत नेलं, हात धुतले आणि परत बसली. सी-ओ-यू-जी-एच. पी-एल-यू-एस-एच. डी-आर-यू-एस-एच. “शी.” ह्या वेळी ती उठली नाही, येऊ दे काय यायचं ते म्हणून बसून राहिली. वाय-ओ-यू-टी-एच, एफ-एल-यू-एस-एच, बी-ओ-यू-जी-एच, काही नाही. व्ही-ओ-यू-जी-एच.

“शी.”

तिचं बोट स्क्रीनवरच थांबलं. तिने वर सरकून बघितलं. एन-ओ-यू-टी-एच तिचा. डी-आर-यू-एस-एच तिचा. व्ही-ओ-यू-जी-एच तिचा. आणि मधले सगळे देवाघरून आलेले खरे. तिने क्रम उलटापालटा केला आणि पुन्हा वाचायला घेतलं, मान खाली घालून, आवाज सपाट ठेवून. तिच्या प्रत्येक शब्दावर शी, आणि खऱ्यांवर गप्प. एका ठिकाणी तिला वाटलं, बाबा चुकले. एस-ओ-यू-जी-एच हा शब्द तिने दुसऱ्या कोणाच्यातरी पानावरून उचलला होता, आणि तो त्या माणसाने पाडलेलाच असणार अशी तिची खात्री होती. बाबा त्यावर गप्प होते. तिने फळीवरचा कोश काढला, धूळ झटकली, पानं चाळली. शब्द होता. झाडांतून वाऱ्याचा येतो तो हलका आवाज.

तिला नाचावंसं वाटलं. बाबा आहेत, सगळेच्या सगळे आहेत. आणि मग लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती जागच्या जागी बसली. कळतं म्हणजे सगळंच कळतं. पाच महिने ह्या खोलीत जे जे बोललं गेलं ते सगळं. दादाचं फर्निचर. आत्याचा नळ. आणि तिचं.

बाबा तिच्याकडे बघत होते. ती नजर तिला टाळता आली नाही. प्रूफावर ठेवायचे तीच ती नजर होती.

शुक्रवारी तिने साहेबांना यादी दिलीच नाही, तब्येतीचं कारण सांगितलं. दादाला फोन केला. दादा म्हणाला, योगायोग असेल, तुला हवं ते ऐकू येतंय. तिने सांगितलं की शनिवारी वाचाबाईंना परत बोलावलंय, तूही ये आणि डोळ्यांनी बघ. पण त्यासाठी कुठले शब्द खोटे ते तिला सांगावं लागणार होतं. ते कोणी पाडले तेही.

शनिवारी तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मी ऑफिसात याद्या तपासत नाही. मी खोटे शब्द पाडते. ह्या यादीत माझे एकोणीस आहेत. वाचाबाईंनी यादी हातात घेतली. दादाने तोंड वाकडं केलं. “हे काम करतेस तू? बाबांच्या कोशाशेजारी बसून?” पहिल्यांदाच तो काहीतरी बरोबर बोलला होता, म्हणून ते जास्तच लागलं. आत्या बोटं मोजत होती. ब्रशमध्ये दोनच तर अक्षरं आहेत, पाच कुठून आणलीत, असं तिने विचारलं.

दादाने अट घातली, की धाकटीने खोलीत थांबायचं नाही, ती खाणाखुणा करेल. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. वाचाबाईंनी यादीतले तिचे काही शब्द निवडले आणि खरे मात्र कोशातूनच घेईन म्हणाल्या, यादीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. तोंडासमोर कागद धरून त्या एकेक अक्षर वाचू लागल्या.

धाकटी ओट्याला धरून ऐकत होती. जी-एल-यू-एस-एच. “शी.” सी-आर-यू-एस-एच. शांतता. एम-ओ-यू-टी-एच. शांतता. एन-ओ-यू-टी-एच. “शी.” अकरा शब्द झाले, बारा झाले. दादाच्या चपलांचा आवाज आला, म्हणजे तो दार सोडून आत गेला होता. मग कोशाची पानं वाजली आणि वाचाबाईंनी तेरावा वाचला.

“सी-एल-यू-सी-एच.”

“शी,” बाबा म्हणाले.

वाचाबाईंनी पानावर बोट ठेवलं. त्यांनी पुन्हा वाचलं, सावकाश. पुन्हा शी. मग दादाचा आवाज आला, सुटकेचा म्हणावा तसा. चुकले. हा तर कोशात आहे, छापलेला समोर दिसतोय, क्लच, म्हणजे घट्ट धरणे. पूर्ण पान भरून अर्थ आहेत. योगायोगच होता शेवटी.

धाकटी अट मोडून आत गेली. “क्लचमध्ये टी असतो,” ती म्हणाली. “सहा अक्षरं असतात.”

वाचाबाईंनी कोश तिच्यासमोर केला. त्यांनी ते पान शोधलं नव्हतं. कोश हातात धरून नुसता सैल सोडला की तो आपोआप तिथेच उघडत होता. जुन्या दारासारखी त्याला तिथे सवय लागली होती. ठळक छपाईत होतं, सी-एल-यू-सी-एच. टी गळालेला. आणि समासात, लाल वाटू नये इतकी फिकट झालेली लाल पेन्सिलीची खूण, आणि खुणेपुढे एकच अक्षर, टी. कडा अंगठ्याने काळपट झाली होती. तेवढीच एक कडा, सगळ्या कोशात.

“हा त्यांचा सुटलेला शब्द आहे,” धाकटी म्हणाली. “दोन दिवस जेवले नव्हते ह्याच्यासाठी.”

वाचाबाईंनी कोश मिटला. पिशवीतून बुधवारचा कागद काढला, ‘आढळत नाही’वर आडवी रेघ मारली आणि खाली नवीन काहीतरी बराच वेळ लिहीत राहिल्या. मग चित्रांचे पत्ते उचलून पिशवीत अगदी तळाशी घातले. निघताना त्या बाबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी तुम्हाला म्याऊ विचारत होते. माफ करा, सर.” बाबा गप्प राहिले.

दादाच्या हातातलं टिश्यूचं पाकीट त्याला आता कुठे ठेवावं ते कळेना. त्याने ते खिशात कोंबलं. पाच महिन्यांत तो पहिल्यांदाच पलंगाच्या कडेला टेकला, आणि घसा खाकरून म्हणाला, “बाबा, मी जे म्हणत होतो ना, ते तुमच्याच सोयीसाठी म्हणत होतो.”

“शी.”

आत्या सवयीने उठली, दोन पावलं भांड्याकडे गेली, आणि थबकली. तिने भावाकडे बघितलं. पाच महिने ती दिवसातून पंधरा वेळा ह्या माणसाची चादर वर करत होती, आणि तो फक्त आपलं मत सांगत होता. ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग मध्येच रडणं थांबवून म्हणाली, “अरे, पण जेवणाला पण शी? मी केलेल्या?” बाबांनी मान दुसरीकडे वळवली. ते पुरेसं होतं.

दादाने बाहेर जाऊन संस्थेला फोन केला. गाडी नको म्हणाला. आत येऊन सोमवारपासून बाई येईल एवढंच सांगितलं आणि दरवाजाची मूठ न पुसता निघून गेला.

दिवे लागायच्या सुमाराला धाकटीने ती यादी कागदावर काढली. फळीवरच्या डबीत लाल पेन्सिलीचा तुकडा सापडला, तो तिने बाबांच्या डाव्या हातात दिला. एकेक शब्द वाचला. बाबा कागदावर वाकडीतिकडी, थरथरती रेघ ओढत गेले. एकोणीस रेघा. खाली एकतीस शब्द उरले. साहेबांना एकतीसच द्यायचे, मग ते काय म्हणायचं ते म्हणोत. त्या गाळ्यात पुन्हा जायच्या कल्पनेनेच तिच्या तोंडाची चव गेली होती.

आत्या आत काहीतरी तिखट घालून करत होती. मिक्सर आज बंद होता. फिनेलचा वास तसाच होता, चादरीचा तसाच. त्यात काहीही बदललं नव्हतं, आणि धाकटीला अजूनही तो सोसवत नव्हता. तिने कागदाची घडी घातली. जे बोलायचं होतं ते दोन दिवस राहून गेलं होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “त्या दिवशी चादर बदलताना मी जे बोलले ना, ते मनापासून नव्हतं.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. नाक किंचित मुरडलं.

“शी.”

तिचा चेहरा गरम झाला. तिने खाली बघितलं, पेन्सिलीचा तुकडा चादरीवर पडला होता तो उचलला, त्यांच्या बोटांत परत दिला आणि ती बोटं तशीच धरून ठेवली.

“होतं,” ती म्हणाली. “मनापासूनच होतं. वीट आला होता मला. तुमचा.”

ती थांबली. स्वयंपाकघरात आत्याने फोडणी दिली, बाहेर कोणीतरी जिन्यावरून उतरून गेलं. ती वाट बघत राहिली.

बाबा काही बोलले नाहीत.